घरी बांधलेले विमान : हात आपला, नजर दुसऱ्याची

विमान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? मोठा विमानतळ, काचेच्या भिंती, गळ्यात टाय घातलेले वैमानिक आणि खिशाला न परवडणारे तिकीट. विमान तयार होते ते दूर कुठेतरी प्रचंड कारखान्यात आणि ते तयार करणारी माणसे कोणी वेगळीच असतात, अशी आपली समजूत असते. ही समजूत किती अपुरी आहे हे दाखवणारी एक गोष्ट २०१९ साली दक्षिण आफ्रिकेत घडली.

तेथील वीस शाळकरी मुलामुलींनी एकत्र येऊन चार आसनांचे विमान जोडले. वेगवेगळ्या थरांतून, वेगवेगळ्या वस्त्यांतून आलेली ही मुले. पुढाकार होता सतरा वर्षांच्या एका मुलीचा. जोहान्सबर्गजवळच्या एका कारखान्यातून सुट्या भागांचा संच आला आणि तीन आठवड्यांत मुलांनी धड आणि पंख जोडून उभे केले. इंजिन आणि उपकरणे बसवण्याचे काम जाणकारांनी केले. मग ते विमान, पुढे वैमानिकाच्या जागी त्यांच्यातलीच मुले बसून, केपटाऊनहून निघाले आणि टप्पे घेत घेत आफ्रिका खंडाच्या दुसऱ्या टोकाला कैरोला जाऊन पोहोचले. सुमारे १२ हजार किलोमीटरचा प्रवास!

वाचताना छाती भरून येते. पण त्याबरोबर मनात प्रश्नही येतो. मुलांनी जोडलेल्या विमानात बसायचे धाडस कसे करावे? एक स्क्रू सैल राहिला तर? रस्त्यात स्कूटर बंद पडली तर आपण ती ढकलत नेतो. आकाशात काय ढकलणार?

हा प्रश्न अगदी योग्य आहे. घरी विमान बांधणाऱ्या प्रत्येक माणसाला तो पडतो आणि पडायलाच हवा. या लेखात आपण त्याचेच उत्तर पाहणार आहोत.

सायकल दुरुस्त करणारे दोघे भाऊ

खरे सांगायचे तर जगातले पहिले यशस्वी विमान घरगुतीच होते. विल्बर आणि ऑर्विल राइट हे दोघे भाऊ अमेरिकेत डेटन गावी सायकलींचे दुकान चालवत. दोघांपैकी एकाकडेही कॉलेजची पदवी नव्हती. विमानाला हवे तसे हलके इंजिन त्यांना कोणी करून देईना. तेव्हा दुकानातला त्यांचा कारागीर चार्ली टेलर याने लेथ, ड्रिल मशीन आणि हातातली हत्यारे यांच्या जोरावर सुमारे सहा आठवड्यांत इंजिन बनवले. ताकद सुमारे १२ हॉर्सपॉवर. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्या इंजिनाच्या बळावर पहिले उड्डाण झाले. ते १२ सेकंद टिकले. राइट बंधूंची नावे जगाला पाठ झाली, पण लेथवर उभ्या राहिलेल्या चार्ली टेलरचे नाव फार थोड्यांना ठाऊक असते.

त्यानंतर ही परंपरा थांबली नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात बर्नार्ड पिटनपोल नावाच्या हौशी यंत्रज्ञाने १९२९ च्या सुमारास लाकूड आणि कापडाचे छोटे विमान बांधले आणि त्याला फोर्ड मोटारीचे इंजिन लावले. त्याच्या आराखड्यावरून लोक आजही विमाने बांधतात. १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी अशा हौशी लोकांची एक संघटना विस्कॉन्सिन राज्यात सुरू केली. तिची सुरुवातीची कामे घराच्या तळघरातून चालत. १९७० पासून या संघटनेचा मेळावा ऑशकॉश या गावी भरत आला आहे. घरी बांधलेली विमाने घेऊन लोक तेथे उडत उडत येतात आणि पंखाच्या सावलीत तंबू ठोकून राहतात.

अमेरिकेचा कायदा अशा विमानांना वेगळ्या वर्गात परवानगी देतो. अट अशी की, विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी स्वतः, शिकण्यासाठी किंवा आवडीसाठी केलेले असले पाहिजे. बोलीत याला ‘५१ टक्क्यांचा नियम’ म्हणतात. विमानावर ‘प्रायोगिक’ असा शब्द ठळक लिहावा लागतो. आत बसणाऱ्याच्या नजरेस पडेल अशी पाटी लावावी लागते की, हे विमान हौशी माणसाने बांधलेले आहे आणि कारखान्यातील विमानांचे नियम याला लागू झालेले नाहीत. म्हणजे काहीही लपवायचे नाही. बसायचे की नाही, हे बसणाऱ्याने ठरवावे.

पत्रा, भोक आणि रिव्हेट

विमान बांधण्याचे दोन मार्ग आहेत. एक, आराखडे विकत घ्यायचे आणि लाकूड, नळ्या, पत्रा आणून प्रत्येक भाग स्वतः कापायचा. दुसरा, सुट्या भागांचा संच घ्यायचा आणि तो जोडायचा. संच म्हणजे खेळण्यातल्या तुकड्यांसारखे सोपे काम नव्हे. अमेरिकेत ओरेगन राज्यात रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी १९७३ साली सुरू केलेल्या कंपनीच्या आराखड्यांवरून व संचांतून जगभर दहा हजारांहून अधिक विमाने लोकांनी बांधून उडवली आहेत. तसे दोन आसनी विमान जोडायला साधारण दीड ते दोन हजार तास लागतात. कामावरून आल्यावर रोज दोन तास दिले तरी दोन-तीन वर्षे जातात.

या विमानांचा पत्रा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, बऱ्याच ठिकाणी एक मिलिमीटरपेक्षाही पातळ. पत्र्याखाली आडव्या-उभ्या पट्ट्यांचा सांगाडा असतो आणि पत्रा त्यावर रिव्हेटांनी बसवतात. एका विमानाला दहा हजारांहून जास्त रिव्हेट लागतात. म्हणजे दहा हजारांहून जास्त भोके आणि प्रत्येक भोकाचे काम सारखेच काळजीचे.

भोक पाडले की त्याच्या कडेला धातूची बारीक धार राहते. वर्कशॉपमध्ये काम केलेले वाचक तिला ‘बर’ म्हणून ओळखतात. ती तशीच ठेवली तर काय होते? कापडाच्या काठाला बारीक चीर असली की ओढताच ते तेथूनच फाटत जाते, हे शिवणकाम करणारी प्रत्येक ताई जाणते. पत्र्याचेही तसेच आहे. विमान उडताना पत्रा सतत थरथरतो. खरबरीत कडेपाशी केसाएवढी भेग पडते आणि ती हळूहळू पुढे सरकते. म्हणून प्रत्येक भोकाचा बर काढायचा, कड बोटाला गुळगुळीत लागली पाहिजे. हे काम कंटाळवाणे आहे. त्यात कसलीही शान नाही. पण विमानाचे आयुष्य याच कंटाळवाण्या कामावर अवलंबून असते.

रिव्हेट मारायला बहुतेक ठिकाणी दोन माणसे लागतात. एक जण बाहेरून हवेच्या दाबावर चालणारी रिव्हेट गन धरतो, दुसरा आतून लोखंडी ठोकळा टेकवून धरतो. गन वाजते, रिव्हेटचे आतले टोक ठोकळ्यावर दबून पसरते आणि दोन पत्रे जखडले जातात. बाहेरच्याला आतले दिसत नाही. आतल्याने ‘ठीक’ म्हटल्याशिवाय पुढचा रिव्हेट मारायचा नाही. पंखाच्या पोकळीत मोठा हात शिरत नाही, म्हणून कित्येक घरांत ठोकळा धरायचे काम बायको किंवा मुले करतात. नवरा-बायकोने मिळून बांधलेली कितीतरी विमाने आहेत.

दबलेल्या रिव्हेटचेही माप ठरलेले असते. त्याची रुंदी मूळ जाडीच्या दीडपट आणि उंची निम्मी असली पाहिजे. म्हणजे ३.२ मिलिमीटरचा रिव्हेट दबल्यावर सुमारे ४.८ मिलिमीटर रुंद आणि १.६ मिलिमीटर उंच. हे डोळ्याने न ठरवता मापपट्टी लावून पाहायचे. चुकला तर काढायचा. मात्र काढताना भोक मोठे झाले तर मूळ चुकीपेक्षा दुरुस्तीच वाईट ठरते. म्हणून कोणती चूक काढायची आणि कोणती तशीच राहू द्यायची, हे अनुभवी माणसाला विचारून ठरवतात.

शिवणकाम, इस्त्री आणि सरस

सगळीच विमाने पत्र्याची नसतात. लाकडी किंवा नळ्यांच्या सांगाड्यावर कापड चढवलेली विमानेही पुष्कळ आहेत. त्यातले काम आपल्या घरातल्या स्त्रियांना पाहताक्षणी कळेल. पॉलिस्टरचे कापड सांगाड्याला चिकटवतात आणि त्यावर चक्क इस्त्री फिरवतात. उष्णतेने कापड आवळते आणि ढोलकीच्या पुडीसारखे ताणून बसते. इस्त्री जास्त तापली तर कापड सैल पडते किंवा जळते, म्हणून तिची उष्णता तापमापकाने तपासून घेतात. नंतर लांब सुईने, मेण लावलेल्या मजबूत दोऱ्याने पंखाच्या वरच्या बाजूकडून खालच्या बाजूकडे टाके घालून कापड फासळ्यांना बांधून टाकतात. शेवटी उन्हाने कापड कुजू नये म्हणून चंदेरी रंगाचे थर देतात.

लाकडी विमानात सांध्यांना सरस लावतात, तेव्हा एक सुरेख रीत पाळतात. सरस कालवला की त्याच सरसाने लाकडाचे दोन फालतू तुकडेही चिकटवून ठेवायचे. सुकल्यावर ते हातोडीने तोडायचे. लाकूड तुटले आणि सांधा टिकला तर सरस चांगला. सांधा सुटला तर त्या दिवशी लावलेला प्रत्येक जोड संशयास्पद. दुकानदाराने चांगला सांगितला, डब्यावर चांगला लिहिला, याला येथे किंमत नाही. तोडून पाहायचे आणि मगच विश्वास ठेवायचा.

नटबोल्टांचेही तसेच. पायाखालच्या आणि हातातल्या दांड्यांपासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या जोडांमध्ये जेथे भाग फिरतो, तेथे नुसता नट आवळून भागत नाही. खाचांचा नट घेऊन त्याच्या खाचेतून आणि बोल्टच्या भोकातून स्प्लिट पिन घालून ती वाकवतात, म्हणजे नट कितीही थरथरला तरी सुटत नाही. नट योग्य जोराने आवळून तपासला की त्यावर रंगाची एक रेघ ओढतात. रेघ तुटलेली दिसली की समजायचे, नट फिरला आहे.

उत्साहाने घेतलेले बळी

इतकी तपासणी हवीच कशाला, असे कोणाला वाटेल. याचे उत्तर इतिहासात आहे.

फ्रान्समध्ये आंरी मिन्ये नावाच्या हौशी माणसाने १९३३ साली एक चिमुकले विमान बांधून उडवले. एकामागे एक असे दोन पंख असलेल्या या विमानाला लोक ‘आकाशातली पिसू’ म्हणू लागले. १९३४ मध्ये त्याने बांधणीची सगळी माहिती पुस्तकात देऊन टाकली. साधी सुतारी येणाऱ्यालाही विमान बांधता येईल, असे त्याचे सांगणे होते. फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये वेड लागल्यासारखे लोक कामाला लागले. शेडमध्ये, गॅरेजमध्ये शेकड्यांनी पिसवा तयार होऊ लागल्या.

मग माणसे मरू लागली. विमान नाक खाली करून झेपावे आणि पुन्हा वर येईचना. अखेर फ्रान्स आणि इंग्लंडमधील सरकारी प्रयोगशाळांत विमान मोठ्या वाऱ्याच्या बोगद्यात धरून तपासण्यात आले. दोष सापडला. नाक ठराविक मर्यादेपलीकडे खाली गेले की पुढच्या पंखाखालून येणारी हवा मागच्या पंखाला जास्तच उचलून धरी आणि त्यामुळे नाक आणखी खाली जाई. वैमानिकाने दांडा कितीही ओढला तरी उपयोग नसे. त्या नमुन्याच्या उड्डाणांवर बंदी आली. पुढे सुधारलेल्या आराखड्यांची विमाने निघाली आणि ती नीट उडाली.

मिन्ये लबाड नव्हता. तो स्वतः ते विमान उडवत होता. मेलेली माणसेही आळशी नव्हती. मेहनत होती, प्रामाणिकपणा होता, हिंमत होती. नव्हती ती फक्त तपासणी.

एका कॉकची गोष्ट

सांगाडा झाला, पंख झाले म्हणजे विमान झाले असे नाही. इंजिन, पेट्रोलची टाकी, नळ्या, तारा, उपकरणे हे सगळे बसवायचे असते आणि पुष्कळांच्या मते खरी कसोटी येथेच लागते.

छोट्या विमानात ८० ते १०० हॉर्सपॉवरची ऑस्ट्रियन बनावटीची रोटॅक्स इंजिने पुष्कळ वापरतात. मोठ्या विमानांना दीडशे-दोनशे हॉर्सपॉवरची लागतात. कमी पैशात काम करणारे लोक फोक्सवॅगन मोटारीचे इंजिन फेरफार करून लावतात. विमानाच्या इंजिनात साधारणपणे प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात आणि ठिणगीची व्यवस्थाही दुहेरी असते. एक बंद पडली तर दुसरी चालू राहावी म्हणून.

समोरच्या फळीवर उपकरणे बसवतात. वेग दाखवणारे उपकरण वाऱ्याकडे तोंड केलेल्या एका बारीक नळीवर चालते. वेग वाढला की नळीतला हवेचा दाब वाढतो. उंची दाखवणाऱ्या उपकरणात पातळ धातूची बंद डबी असते. वर जावे तशी बाहेरची हवा विरळ होते आणि डबी फुगते. होकायंत्राजवळ लोखंडी स्क्रू लावायचे नाहीत, पितळी लावायचे, नाहीतर दिशा चुकते. याशिवाय तेलाचा दाब, इंजिनाची उष्णता, पेट्रोलची पातळी. आता या सगळ्यांच्या जागी एकच पडदाही मिळतो. पण उपकरण कोणतेही असो, ते कोठे बसवायचे हा प्रश्न उरतोच. हात चटकन जाईल आणि नजर सहज पडेल अशी ती जागा हवी.

जागेला एवढे महत्त्व का, हे जगाला एका अपघाताने शिकवले. जॉन डेन्व्हर हे अमेरिकेतले फार लोकप्रिय गायक. त्यांना विमान चालवण्याचा भरपूर अनुभव होता. त्यांनी दुसऱ्या माणसाने घरी बांधलेले एक छोटे विमान जुने विकत घेतले. फोम आणि काचतंतूंचे, बर्ट रुटान यांच्या आराखड्याचे. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ ते विमान समुद्रात कोसळले आणि डेन्व्हर मृत्यू पावले.

चौकशीत काय आढळले? स्कूटरला जसा रिझर्व्हचा कॉक असतो, तसा विमानातही एका टाकीवरून दुसऱ्या टाकीवर जाण्याचा कॉक असतो. मूळ आराखड्यात तो वैमानिकाच्या दोन्ही पायांच्या मध्ये, समोर होता. हे विमान बांधणाऱ्याने तो वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. का? पेट्रोलची नळी माणूस बसतो त्या जागेतून जाऊ नये, म्हणजे आगीचा धोका कमी, असा त्याचा हेतू होता. हेतू चांगलाच होता. पण कॉकवर खुणा नव्हत्या आणि तो फिरवायला वैमानिकाला पट्ट्यात बांधलेल्या अवस्थेत मागे वळावे लागे. तसे वळताना पाय नकळत पायपट्टीवर दाबला जाई आणि विमान एका बाजूला फिरे. त्या दिवशी टाकीत पेट्रोल थोडे होते आणि निघण्यापूर्वी ते भरून घेतले गेले नव्हते. कॉक बदलण्याच्या प्रयत्नात विमानावरचा ताबा सुटला, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. कॉकची जागा बदलणे आणि उड्डाणापूर्वीची तयारी अपुरी असणे, ही त्याला हातभार लावणारी कारणे ठरली.

इंजिन चांगले, पंख चांगले, वैमानिक अनुभवी. एका कॉकची जागा चुकली. बांधणाऱ्याला ती सवयीची झाली असेल, पण दुसऱ्याच्या हातात विमान गेले आणि घात झाला. म्हणून घरी काही बांधणाऱ्याने, मग ते विमान असो की पोटमाळ्याची शिडी, स्वतःला विचारले पाहिजे : मी नसताना दुसरा माणूस हे घाईत, अंधारात, घाबरलेला असताना वापरू शकेल काय?

कावडीचा तोल आणि पहिले उड्डाण

विमान पूर्ण झाले की त्याचे वजन करतात. तीन चाकांखाली तीन काटे ठेवतात आणि कोणत्या चाकावर किती भार येतो यावरून विमानाचा तोल कोठे आहे ते काढतात. कावड खांद्यावर घेणारा माणूस दांड्याचा नेमका मध्य शोधतो, तसाच हा प्रकार. तोल ठरलेल्या पट्ट्याच्या मागे गेला तर विमान सावरणे कठीण. रंगाचा एक जादा थर, एक जादा उपकरण, जाड गादी, प्रत्येक गोष्टीचे वजन मोजले जाते. जेवढे वजन वाढेल तेवढे पेट्रोल किंवा माणूस कमी न्यावा लागतो.

त्याआधी तपासनीस येतो. इंग्लंडमध्ये हौशी वैमानिकांच्या संघटनेचा तपासनीस बांधणी चालू असतानाच टप्प्याटप्प्याने येऊन पाहतो. पत्रा बंद करण्याआधी आत काय आहे ते दाखवावे लागते. बांधणारा एक वही ठेवतो. कोणत्या दिवशी काय केले, किती तास केले, याच्या नोंदी आणि फोटो. ‘केले आहे’ असे तोंडी सांगून चालत नाही. लिहिलेले नसेल तर ते केलेले नाही, असेच धरले जाते.

मग पहिले उड्डाण. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे सुरुवातीला २५ किंवा ४० तास चाचणीचे उड्डाण वस्तीपासून दूर, ठरवून दिलेल्या भागात करण्याची पद्धत रूढ आहे. या काळात हौसेने कोणाला बरोबर न्यायचे नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, मित्राला नाही. आधी विमानाने स्वतःला सिद्ध करायचे, मग त्यात माणूस बसणार.

चारकोपची गच्ची

आपल्याकडेही हे वेड असलेली माणसे झाली आहेत. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात कॅप्टन अमोल यादव यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. व्यवसायाने ते वैमानिक. आधीचे दोन प्रयत्न हवे तसे तडीस गेले नव्हते. तरी ते पुन्हा उभे राहिले. घरच्यांनी साथ दिली. गच्चीवर बांधलेले हे विमान खाली उतरवून फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनाच्या वेळी लोकांपुढे आणले गेले आणि ते पाहायला गर्दी लोटली.

पण विमान तयार होणे आणि उडण्याची परवानगी मिळणे यांत मोठे अंतर होते. नोंदणीचे प्रमाणपत्र नोव्हेंबर २०१७ मध्ये मिळाले आणि उडवून पाहण्याचा परवाना मिळायला ऑक्टोबर २०१९ उजाडला. एवढी वर्षे कागदांसाठी गेली म्हणून आपण हळहळतो, आणि हळहळ रास्त आहे. जेथे बांधणाऱ्याला पहिल्या दिवसापासून नियम, तपासनीस आणि सल्ला मिळतो, तेथे तपासणी ही अडवणूक वाटत नाही, ती सोबत वाटते. आपल्याकडे ती सोबत व्हायला हवी.

दुसरे उदाहरण केरळचे. इडुक्की जिल्ह्यातील सजी थॉमस यांना जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. शिक्षण सातवीपर्यंत. रबराच्या मळ्यांवर औषध फवारायला येणारे हेलिकॉप्टर पाहून त्यांना लहानपणीच उडण्याचे वेड लागले. दुरुस्तीची आणि फोटोग्राफीची कामे करत करत, पैसे साठवत त्यांनी दोन आसनांचे अतिशय हलके विमान बांधले. २०१४ साली ते तामिळनाडूत उडवण्यात आले. उडवण्याआधी हवाई दलातून निवृत्त झालेल्या जाणकार अधिकाऱ्याने ते पारखले होते, हेही येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

खर्च आणि आपली मुले

आता व्यवहाराचे बोलू. विमान स्वस्त नाही. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या, मूळच्या केरळच्या एका अभियंत्याने लॉकडाऊनच्या काळात चार आसनी विमान जोडले, तेही त्या आफ्रिकेतल्या मुलांच्या विमानाच्याच कारखान्याचे. त्याला सुमारे १ लाख ४० हजार पौंड खर्च आला, म्हणजे एक कोटी रुपयांहून जास्त. साधी, जुन्या इंजिनाची विमाने याच्या कितीतरी कमी खर्चात होतात आणि तेथे चार-सहा जण भागीदारीतही विमान ठेवतात. तरीही पगारावर घर चालवणाऱ्याला ते सोपे नाही. कर्ज काढून विमान बांधा असे आम्ही मुळीच सुचवणार नाही.

पण विमानामागचे काम आपल्या मुलांच्या आवाक्याबाहेरचे नाही. आयटीआयमध्ये शिकणारा फिटर, पत्राकाम करणारा, वेल्डर, वायरमन यांच्या हातात जे कसब असते, तेच विमानात लागते. शाळा-कॉलेजात एनसीसीची हवाई शाखा असेल तर तेथे विमानांची छोटी मॉडेले बनवायला आणि उडवायला शिकवतात. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेतलेल्या मुलामुलींना विमान देखभालीच्या अभियंत्याचा मार्ग खुला आहे. त्यासाठी केंद्र सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षा असतात. खासगी संस्थेची फी भरण्याआधी तिला या महासंचालनालयाची मान्यता आहे का, ते पालकांनी स्वतः पाहून घ्यावे. जाहिरातीवर विसंबू नये. सरस तोडून पाहण्याची रीत येथेही लागू पडते.

आणि घरात एखादा मुलगा किंवा मुलगी पंखा उघडून बसली, रेडिओचे स्क्रू काढून बसली, तर लगेच ओरडू नका. आधी प्लग काढला आहे का ते पाहा. मग शेजारी बसा आणि विचारा, कोणता स्क्रू कोठला ते लिहून ठेवलेस का? जोडून झाल्यावर कोणाला दाखवणार?

त्या वीस मुलांच्या विमानात बसायचे धाडस कसे करावे, असा प्रश्न आपण सुरुवातीला विचारला होता. त्याचे उत्तर असे की, नुसत्या धाडसावर कोणी बसूच नये. प्रत्येक भोकाची कड गुळगुळीत आहे, प्रत्येक रिव्हेट मापाचा आहे, प्रत्येक पिन वाकवली आहे आणि हे सगळे दुसऱ्या कोणीतरी पाहून वहीत सही केली आहे, एवढे कळल्यावर बसावे. मग बांधणारे हात सतरा वर्षांच्या मुलीचे असोत की साठीच्या फिटरचे, विमानाला त्याने काही फरक पडत नाही.